सेन्नीची, 1972: आग तिसऱ्या मजल्यावर, माणसं गेली सातव्यावर

सातव्या मजल्यावर ज्वाळा पोचल्याच नाहीत. जळाले ते दुसरा, तिसरा आणि चौथा हे तीन मजले. माणसं मेली ती त्यांच्या वर, जिथं आगीची धगही लागली नाही अशा सातव्या मजल्यावरची. कामाच्या जागेची सुरक्षा हा विषय निघाला की मी पहिल्यांदा हेच प्रकरण काढतो, कारण यात "आग लागली म्हणून माणसं मेली" हे सरळसोट उत्तर टिकत नाही.

13 मे 1972, शनिवारची रात्र. जपानमधल्या ओसाका शहराच्या मिनामी या गजबजलेल्या भागात सेन्नीची डिपार्टमेंट स्टोअरची इमारत होती. साडेदहाच्या जरा आधी तिच्या तिसऱ्या मजल्यावर, कपड्यांच्या विभागात आग लागली. सातव्या मजल्यावर 'प्लेटाऊन' नावाचा कॅबरे चालू होता. गिऱ्हाईक, त्यांच्या सोबतीला बसणाऱ्या नोकरदार बायका म्हणजे होस्टेस, वाजवणारे, स्वयंपाकघरातले असे मिळून तिथं 180 च्या आसपास लोक होते. त्यांतले 118 गेले. 93 जण कार्बन मोनॉक्साइडनं, तिघं गर्दीत छाती-पोट दबून, आणि 22 जण खिडक्यांतून खाली उडी मारून किंवा पडून. जपानमध्ये एका इमारतीच्या आगीत युद्धानंतर इतकी माणसं कधीच दगावली नव्हती.

मेलेल्यांत मोठा भाग तिथं नोकरी करणाऱ्यांचा होता. एरवी ही घटना 'कॅबरेची आग' म्हणून सांगितली जाते आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं दारू पिणारी गिऱ्हाइकं येतात. पण शनिवारी रात्री साडेदहाला त्या मजल्यावरच्या बायका कामावर होत्या. त्यांची पाळी संपायला अर्धा तास उरला होता.

इमारत बंद होती आणि चालूही होती

ही इमारत मुळात दुकान म्हणून बांधलेली नव्हती. 1932 साली ती ओसाका काबुकिझा म्हणजे काबुकी नाटकांचं थिएटर म्हणून उभी राहिली. नाटकाचं बिऱ्हाड दुसरीकडं हलल्यावर आतून फेरबदल करून 1958 मध्ये तिचं डिपार्टमेंट स्टोअर झालं. डिपार्टमेंट स्टोअर म्हणजे एका मालकाचं एक मोठं दुकान असं आपण समजतो. इथं तसं नव्हतं. मालक एक कंपनी, गाळे वेगवेगळ्या भाडेकरूंचे, तिसरा-चौथा मजला एका सुपरमार्केट साखळीकडं, आणि सर्वांत वर कॅबरे, तो चालवणारी कंपनी वेगळी. कॅबरेला जायला तळमजल्यावरून स्वतंत्र लिफ्ट होती. गिऱ्हाईक रस्त्यावरून आत यायचं, लिफ्टमध्ये शिरायचं आणि थेट सातव्यावर उतरायचं. मधले मजले कसे आहेत, जिने कुठून कुठं जातात, हे त्याला कळायचं कारणच नव्हतं.

दुकानं रात्री नऊला बंद व्हायची. कॅबरे अकरापर्यंत चालायचा. म्हणजे रोज रात्री दोन तास ही इमारत एकाच वेळी बंदही असायची आणि चालूही. माझ्या मते या प्रकरणाची सगळी गोम या दोन तासांत आहे. नऊ वाजल्यावर खालच्या व्यवस्थापनासाठी इमारतीचा अर्थ बदलायचा. आता आत माल आहे, माणसं नाहीत. मग काळजी कशाची? चोरीची. म्हणून दारं लावा, जिन्यांकडची कुलपं घाला, मोजके पहारेकरी ठेवा. तळमजल्यावरून पाहिलं तर यात चूक काहीच नाही. सातव्या मजल्यावरून पाहिलं तर प्रत्येक कुलपागणिक बाहेर पडायची एकेक वाट बुजत होती, आणि तीही जेव्हा वर सर्वांत जास्त गर्दी असते त्या वेळी.

त्या रात्री तिसऱ्या मजल्यावर आणखी एक गोष्ट चालू होती. सुपरमार्केटच्या फेरबदलासाठी विजेचं काम करणारी माणसं दुकान बंद झाल्यावर तिथं राबत होती. दिवसा गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून असली कामं रात्री काढायची, हा जगभरचाच रिवाज. सोबतीला पहारेकरी नव्हता. भोवताली कपड्यांचे ढीग होते.

पोलिसांचा संशय विजेचं काम पाहणाऱ्या मुकादमाच्या सिगारेटवर किंवा काडीवर गेला. पण तो पुराव्यानं उभा राहिला नाही, त्यावर खटला चालला नाही, आणि आगीचं नेमकं कारण कागदोपत्री अनिश्चितच राहिलं. मला यात फारसं नवल वाटत नाही आणि खरं सांगायचं तर फारसा रसही नाही. आग कशानं लागली यावर चर्चा रंगते, कारण त्यात एक गुन्हेगार सापडतो. पण एका सिगारेटनं 118 माणसं मरतात अशी इमारत असेल तर दोष सिगारेटच्या फार पलीकडं आहे.

धूर कसा चढला

तिसऱ्या मजल्यावर आग लागली तेव्हा तिथं स्प्रिंकलर नव्हते. मजल्याचे भाग पाडणारी अग्निरोधक शटर होती, पण ती दुकान बंद करताना खाली ओढलेली नव्हती. ती हातानं बंद करावी लागत, आणि रोज रात्री ती बंद करायची पद्धतच नव्हती. त्यामुळं आगीला अख्खा मजला मोकळा मिळाला, आणि एस्कलेटरच्या पोकळीतून ती वरखालच्या मजल्यांवरही गेली.

इथं थोडं थांबून धुराचं गणित मांडतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. धूर छताखाली आडवा पसरतो तो साधारण सेकंदाला अर्धा ते एक मीटर, म्हणजे माणसाच्या संथ चालीनं. पण त्याला उभी पोकळी सापडली, लिफ्टची असो, जिन्याची असो की हवा खेळवणाऱ्या नळीची म्हणजे डक्टची, की तो सेकंदाला तीन ते पाच मीटर वेगानं वर चढतो. गरम हवा हलकी असते आणि उभी पोकळी धुराड्यासारखी ओढ देते. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत चार मजले, म्हणजे पंधरा-वीस मीटर. पाच-सहा सेकंदांचं काम. जिना चढणाऱ्या धडधाकट माणसाला तेवढ्या वेळात एक मजलाही पार होत नाही.

आणि या धुरात काय होतं? कापड, त्यातही कृत्रिम धाग्याचं, ढिगांनी रचलेलं. अशा ढिगाला पुरेशी हवा मिळत नाही, तो धड जळत नाही, घुसमटत जळतो. घुसमटलेल्या आगीत कार्बन मोनॉक्साइड भरपूर तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट ओढीनं चिकटतो. हवेत तो एक टक्क्याच्या थोडा वर गेला की दोन-तीन श्वासांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत सगळं संपतं. पळून जाण्याचा निर्णय घ्यायला मेंदू हवा, आणि हा वायू आधी मेंदूवरच घाला घालतो. म्हणून अशा आगींनंतर दारापासून चार पावलांवर माणसं पडलेली सापडतात, आणि बघणाऱ्याला वाटतं, अरे, इतक्या जवळ येऊन कसे थांबले?

प्लेटाऊनमध्ये धूर आला तो लिफ्टच्या पोकळीतून, जिन्यांतून आणि हवा खेळवणाऱ्या डक्टमधून. डक्टचा मुद्दा मला फार बोचतो. उन्हाळ्यात थंडावा आणि थंडीत ऊब देण्यासाठी जी वाट मजल्यामजल्याला जोडते, तीच वाट विषही पोचवते. डक्टमध्ये आगीच्या वेळी बंद होणारी झडप बसवतात. जुन्या पद्धतीची झडप उष्णतेनं वितळणाऱ्या एका छोट्या दुव्यावर चाले. तो दुवा वितळायला सत्तरेक अंश तरी तापमान लागतं. सुरुवातीचा धूर तेवढा तापलेला नसतो. दुवा शाबूत राहतो, झडप उघडी राहते आणि धूर निवांत पुढं जातो. अशी झडप ज्वाळा अडवायला बनवलेली असते, आणि मारतो तो धूर.

न झालेला फोन

तिसऱ्या मजल्यावरच्या कामगारांना आग दिसली. त्यांनी धोक्याची कळ दाबली, खाली पहारेकऱ्यांच्या खोलीत इशारा पोचला. पहारेकरी वर धावले, पाहिलं, आवाक्याबाहेरचं आहे हे कळलं. 22 वाजून 40 मिनिटांच्या सुमारास अग्निशमन दलाला फोन गेला.

सातव्या मजल्याला कुणीच कळवलं नाही.

एवढं एकच वाक्य मी प्रशिक्षणात फळ्यावर लिहितो. त्या पहारेकऱ्यांना दुष्ट किंवा बेफिकीर ठरवायचा मोह होतो. तो टाळावा. अंधाऱ्या, धुरानं भरत चाललेल्या इमारतीत ते धावपळ करत होते. त्यांच्या डोक्यात त्या वेळी 'दुकान बंद आहे' हे चित्र होतं, आणि वर्षानुवर्षं रोज रात्री नऊनंतर त्यांना हेच चित्र दिलं गेलं होतं. वरचा कॅबरे ही त्यांची जबाबदारी नव्हती. तिथला अग्निसुरक्षा व्यवस्थापक वेगळा, खालचा वेगळा. कायद्यानं नेमलेले दोन अधिकारी एकाच छपराखाली होते आणि दोघांच्या मध्ये चार मजल्यांचं अंतर होतं. खालून वर निरोप जायला हवा, तो कुणी द्यायचा, कुठल्या फोनवरून, कुणाला, हे ठरलेलं नव्हतं. न ठरलेली गोष्ट आणीबाणीत आपोआप घडेल अशी आशा करणं म्हणजे नशिबावर हवाला ठेवणं.

वर काय चाललं असेल? आगीची पहिली खबर त्यांना धुरानं दिली. कुठूनतरी धूर येतोय. कुठून? खालून की आपल्याच स्वयंपाकघरातून? कळायला मार्ग नाही. अशा वेळी माणूस आधी कारण शोधतो, मग पळतो. त्यात मोलाची मिनिटं जातात. लोक आल्या वाटेनं लिफ्टकडं गेले. तिथं धूर. कर्मचाऱ्यांनी एका जिन्याचं शटर उघडलं तर बाहेर पडायची वाट मिळण्याऐवजी धुराचा लोंढा आत घुसला. जिना आता जिना राहिला नव्हता, धुराडं झाला होता. थोड्या वेळानं दिवेही गेले. मग उरल्या खिडक्या.

वेळेचं पाहा. धूर वर यायला लागल्यापासून हॉलमध्ये उभं राहणं अशक्य होईपर्यंत फार तर दहा-बारा मिनिटं मिळाली असतील. खालून पहिल्या मिनिटाला फोन गेला असता तर ही मिनिटं दुप्पट झाली नसती, पण 'काय होतंय' हे शोधण्यात गेलेली तरी वाचली असती.

कापडाची पिशवी

खिडकीपाशी सुटकेची पिशवी होती. ही वस्तू अनेकांनी पाहिलेली नसते म्हणून जरा सविस्तर सांगतो. जाड कापडाची लांबच लांब नळी असते. एका टोकाला धातूची चौकट, ती खिडकीच्या कठड्यावर उभी करायची, म्हणजे नळीचं तोंड उघडतं. दुसरं टोक खाली सोडायचं, रस्त्यावरच्या माणसांनी ते ओढून तिरकं, ताठ धरायचं. मग वरच्या माणसानं पाय आधी घालून नळीच्या आत शिरायचं आणि कापडाच्या घर्षणावर वेग आवरत घसरत खाली यायचं. कल्पना साधी आहे आणि नीट वापरली तर चालते.

त्या रात्री पिशवी खिडकीबाहेर पडली. खालचं टोकही लोकांनी धरलं. पण वरची चौकट उभी झालीच नाही. तोंड मिटलेलं राहिलं. आत शिरायला जागा नसल्यानं लोक पिशवीच्या बाहेरूनच, तिला मिठी मारून, तिच्यावर स्वार होऊन खाली उतरू लागले. सात मजल्यांची उंची, घामेजलेले हात, वरून येणारी पुढची माणसं. काही जण मध्येच सुटले.

चौकट उभी करणं हे अर्ध्या मिनिटाचं काम. पण ते काम आधी एकदा तरी हातानं केलेलं असावं लागतं. भिंतीवर लावलेली सूचना धुरात वाचता येत नाही. अंगठ्याला कुठली खीळ दाबायची हे ठाऊक असावं लागतं. अग्निशमन उपकरणांची तपासणी म्हणून यादीवर 'आहे' अशी खूण करणारे अनेक पाहिले. ती पिशवी उघडून, लावून, आतून एकदा घसरून पाहणारे फार थोडे. वर्षातून एकदा हे करायला किती वेळ लागतो? एक दुपार.

अग्निशमन दलानं शिड्या लावल्या आणि पन्नासच्या आसपास माणसं खिडक्यांतून उतरवली. जे वाचले त्यांतले बहुतेक या शिड्यांमुळं. म्हणजे इमारतीनं स्वतः जवळजवळ कुणालाच वाचवलं नाही. वाचवलं ते बाहेरून आलेल्यांनी.

कोर्टात काय ठरलं

फौजदारी प्रकरण आगीनंतर अठरा वर्षं रेंगाळलं. 1984 मध्ये ओसाकाच्या जिल्हा न्यायालयानं आरोपींना निर्दोष सोडलं. 1987 मध्ये उच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. 29 नोव्हेंबर 1990 रोजी सर्वोच्च न्यायालयानं दोषसिद्धी कायम केली. दोषी तिघं: स्टोअरच्या व्यवस्थापन विभागाचा अधिकारी, कॅबरे चालवणाऱ्या कंपनीचा प्रमुख आणि प्लेटाऊनचा व्यवस्थापक. शिक्षा झाल्या, पण स्थगित. तुरुंगात कुणी गेलं नाही.

शिक्षेपेक्षा न्यायालयानं मांडलेली कर्तव्यं जास्त वाचण्यासारखी आहेत. स्टोअरच्या अधिकाऱ्यानं काय करायला हवं होतं? दुकान बंद होताना तिसऱ्या मजल्यावरची शटर खाली घ्यायला हवी होती. कामगारांना लागतील तेवढीच उघडी ठेवायची, आणि तिथं पहारेकरी उभा करायचा, म्हणजे वेळ आलीच तर तेही लगेच पाडता येईल. कॅबरेवाल्यांनी काय करायला हवं होतं? खालच्या मजल्यांवर आग लागली तर आपले लोक कुठून बाहेर काढायचे हे ठरवायचं, पिशवी वापरायचा सराव करायचा, सुरक्षित जिन्याकडं लोकांना न्यायची तयारी ठेवायची.

यात एकही गोष्ट महाग नाही. नवं यंत्र नाही, नवी भिंत नाही. शटर तिथंच होतं, ओढायचं होतं. एरवी सुरक्षेचा विषय निघाला की लगेच खर्चाचं रडगाणं सुरू होतं. या निकालात खर्चाची ढाल पुढं करायला जागाच उरत नाही. बचाव असा होता की इतके मनुष्यबळ नव्हतं, तेवढे अधिकार नव्हते. मधल्या फळीतल्या अधिकाऱ्याची ही अडचण खोटी नसते, हे मीही मान्य करतो. वरून पैसा आणि माणसं मिळत नाहीत, खालून भाडेकरू ऐकत नाहीत, आणि दुर्घटना घडली की सही त्याचीच असते. पण न्यायालयाचं म्हणणं असं की हाताशी असलेल्या माणसांतही हे करता येण्यासारखं होतं.

पुढच्याच वर्षी पुन्हा

आगीनंतर त्याच वर्षअखेरीस जपाननं अग्निसुरक्षेचे नियम कडक केले, आणि 1973 मध्ये बांधकामाच्या नियमांत धुरावर चालणारी दारं आणि झडपा आल्या. म्हणजे दरवाजा आणि झडप उष्णतेची वाट पाहत बसणार नाही, धुराच्या चाहुलीनंच मिटेल. हा बदल सरळ सेन्नीचीच्या डक्टमधून आलेला आहे असं मी मानतो.

एक भोक मात्र राहिलं. नवा कायदा नव्या इमारतींना. जुनी इमारत बांधली तेव्हाच्या नियमात बसत असेल तर तिला नंतरचे नियम लागू नाहीत, असं हे तत्त्व. बांधकामाच्या जगात ते अगदीच अन्यायाचं नाही. दर पाच वर्षांनी भिंती कोण पाडणार? पण धूर इमारतीचं वय विचारून चढत नाही.

29 नोव्हेंबर 1973. कुमामोतो शहरातलं तायो डिपार्टमेंट स्टोअर. या वेळी भर दुपारी, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना. आग जिन्यात लागली, जिथं पुठ्ठ्याची खोकी रचून ठेवली होती. इमारतीत फेरबदलाचं काम चालू होतं. बाहेर पडा अशी घोषणा लोकांना ऐकू आली नाही. शंभराहून अधिक माणसं गेली. सेन्नीचीला जेमतेम दीड वर्ष झालं होतं, वर्तमानपत्रांत पानंच्या पानं छापून आली होती, आणि तरीही एका दुकानाचा जिना हे माल ठेवायचं गोदामच राहिलं होतं.

यानंतर 1974 मध्ये कायदा बदलला आणि डिपार्टमेंट स्टोअर, हॉटेलं, इस्पितळं यांसारख्या ठिकाणी स्प्रिंकलर आणि इतर यंत्रणा जुन्या इमारतींनाही सक्तीच्या झाल्या. पूर्वलक्षी प्रभावानं. त्यासाठी दोन आगी आणि दोनशेवर माणसं लागली.

तायोच्या खटल्याचा शेवट मात्र वेगळा झाला. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या आरोपींना निर्दोष ठरवलं. एका वर्षाच्या अंतरानं एकाच न्यायालयाकडून आलेले हे दोन निकाल शेजारी ठेवले तर कायद्याचा विद्यार्थी दिवसभर वाद घालेल. फौजदारी जबाबदारी माणसागणिक, त्याच्या पदागणिक आणि अधिकारागणिक ठरते. म्हणूनच कोण जबाबदार हे दुर्घटनेनंतर कोर्टात शोधण्यापेक्षा आधीच एका कागदावर लिहिलेलं बरं.

रोजच्या कामात

मी हे प्रकरण मांडतो तेव्हा श्रोत्यांत बहुधा कारखान्यांचे, मॉलचे, कार्यालयांचे लोक असतात आणि प्रश्न येतो की आमच्याकडं कॅबरे नाही. नसेल. पण 'बंदही आणि चालूही' असलेली वेळ सगळ्यांकडं असते. कार्यालय सहाला सुटतं आणि एका मजल्यावर रात्रपाळीचं कॉल सेंटर चालू राहतं. दुकान बंद होतं आणि साफसफाईवाले आत असतात. सुट्टीच्या दिवशी कंत्राटदाराची माणसं वेल्डिंग करत असतात आणि तळघरात सर्व्हरची देखभाल चालू असते. त्या वेळी इमारतीत नेमकी किती माणसं आणि कुठं, हे गेटवरच्या माणसाला ठाऊक आहे का, एवढंच विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी तो वहीकडं बोट दाखवतो. वहीत आलेल्यांच्या सह्या असतात, गेलेल्यांच्या अर्धवट.

कंत्राटी कामाबद्दल एक. ठिणगी उडेल असं काम असो वा नसो, बंद वेळेतल्या कामाला परवाना असावा, आणि त्या परवान्यावर 'आज वरच्या-खालच्या मजल्यांवर कोण आहे' हा रकाना असावा. मी पाहिलेल्या बहुतेक परवान्यांत तो नसतो. काम कुणाचं, हत्यारं कुठली, अग्निशामक जवळ आहे का, सगळं असतं. शेजाऱ्यांची चौकशी नसते.

सराव करायचा तर तो गैरसोयीच्या वेळी करावा. सकाळी अकराला, आधी ईमेल पाठवून, सगळे चप्पल-बूट घालून तयार असताना केलेला मॉक ड्रिल म्हणजे सहल. रात्री पावणेअकराला, नेहमीचा एक जिना मुद्दाम बंद करून, करून पाहावा. पहिल्यांदा गोंधळ उडतो. उडू द्यावा, त्यासाठीच तो.

आणि भाडेकरूंची इमारत असेल तर सगळ्यांच्या अग्निसुरक्षा अधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसावं. विषयपत्रिका नसली तरी चालेल. एकमेकांचे चेहरे आणि फोन नंबर माहीत झाले तरी सेन्नीचीपेक्षा बरी परिस्थिती म्हणायची.

सेन्नीचीची जागा पुढं भुतांच्या गोष्टींसाठी प्रसिद्ध झाली. त्या भागात जुन्या काळी फाशी देण्याची जागा आणि स्मशान होतं, त्यामुळं गोष्टींना खतपाणी मिळालं. मला या गोष्टींचा राग येतो. भूत आलं की शटर विसरलं जातं. जळकी इमारत 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पाडली गेली, तिथं दुसरं मोठं दुकान उभं राहिलं, आणि आज त्या जागेवर बिक कॅमेरा या साखळीचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. लोक एस्कलेटरवरून वरखाली करतात.

चौथा जिना

सातव्या मजल्यावरून खाली जायला चार जिने होते. दोन-तीनांबद्दल वर आलंच आहे: कुठं धूर, कुठं कुलूप. चौथ्यात धूर शिरला नव्हता. त्याचं दार कपडे-सामान ठेवायच्या खोलीच्या मागं होतं आणि त्यावर पडदा होता. गिऱ्हाइकांना तो जिना ठाऊक असायचं कारण नव्हतं. कर्मचाऱ्यांना ठाऊक असायला हवा होता, पण 'इकडून चला' म्हणून कुणी लोकांना त्या पडद्याकडं नेलं नाही.

ज्या अगदी मोजक्या माणसांनी तो पडदा बाजूला सारला, त्यांना ना शिडी लागली, ना पिशवी. ती पायऱ्या उतरून रस्त्यावर आली.